पैशांची शाब्दिक उदाहरणे कशी शिकवावीत: आधी व्यवहार, मग भाषा, आकडे सगळ्यात शेवटी

फळ्यावर शाब्दिक उदाहरण लिहिलं की वर्गातून पहिला प्रश्न येतो, "मॅडम, हे अधिकचं हाय का वजाचं?" हा प्रश्न आला म्हणजे मुलाने उदाहरण वाचलेलंच नाही. त्याने दोन आकडे उचलले आणि मध्ये कोणतं चिन्ह टाकायचं तेवढं त्याला आपल्याकडून हवंय. आपणही घाईत सांगून टाकतो, "वजाचं." शिकणं तिथेच थांबतं.

हेच मूल आठवडी बाजारात आईच्या शेजारी बसून गिऱ्हाइकाला बरोबर सुटे परत देतं. २०२५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. धंद्यातले अवघड हिशेब तोंडी करणारी ही मुलं शाळेच्या पद्धतीने मांडलेल्या सोप्या गणितांत अडली. आणि शाळेत शिकणाऱ्या मुलांना बाजारातला हिशेब नीट जमला नाही. बाजारातलं येतं म्हणून वहीतलं आपोआप येत नाही. दोन्हींची सांगड मुद्दाम घालून द्यावी लागते, आणि ती कोणत्या क्रमाने घालायची तेच इथे लिहितो आहे. तिसरी ते सहावीच्या मुलांना शिकवणारे शिक्षक, गावातल्या अभ्यासिकेतले ताई-दादा आणि घरी गृहपाठ घेणारे आई-वडील, सगळ्यांना हाच क्रम चालेल.

## तयारी: या चार गोष्टी हाताशी असल्याशिवाय सुरुवात करू नका

खेळातले पैसे. जुन्या पुठ्ठ्याची नाणी आणि कागदाच्या नोटा कापा. पाच-सहा मुलांच्या एका गटाला एवढे पुरतात: १ रुपयाची १० नाणी, २ ची ५, ५ ची ४, १० च्या ८ नोटा, २० च्या ४, ५० च्या २, १०० च्या ४ आणि ५०० ची १. हे बरोबर १२०० रुपये होतात. तास संपला की गटाने मोजून १२०० परत द्यायचे. चिल्लर मुद्दाम कमी ठेवली आहे. सुटे संपले की मुलांना "दहाचे सुटे दे" म्हणत एकमेकांकडे जावं लागतं, आणि हातच्याचं गणित तिथे हाताने होतं.

दरफलक. मुलांना बाजाराच्या दिवशी दहा वस्तूंचे भाव विचारून यायला सांगा आणि तारीख टाकून भिंतीवर लावा. भाव बदलले की फलक बदला. जुन्या गाइडमधली ५० पैशांची पेन्सिल आणि ८ रुपये लिटर दूध उदाहरणांत ठेवू नका. खोट्या भावाने मुलाचा अंदाज मरतो. मग दोन किलो साखरेचे ९०० रुपये आले तरी त्याला काही खटकत नाही.

खरी कागदं. किराण्याची चिठ्ठी, एसटीचं तिकीट, काटापट्टी (विकलेल्या मालाच्या वजनाची पावती), विजेचं बिल. नाव, ग्राहक क्रमांक, फोन नंबर चिकटपट्टीने झाकून घ्या.

पाव-सव्वा-दीडची चाचपणी. बाजाराचं अर्धं गणित याच शब्दांत चालतं आणि पुस्तक मात्र २५० ग्रॅम म्हणतं. तोंडी विचारा: कांदे ४० रुपये किलो, पाव किलोचे किती? (१०) पाऊण किलोचे? (३०) सव्वा किलोचे? (५०) दीड किलोचे? (६०) पावणेदोन किलोचे? (७०) अडीच किलोचे? (१००) मग रकमांकडे या: सव्वाशे म्हणजे १२५, पावणेदोनशे म्हणजे १७५, अडीचशे म्हणजे २५०. "पावणेदोनशे" ऐकून २०० च्या पुढे जाणारी मुलं दर वर्गात असतात. त्यांना पुढच्या पायऱ्यांवर नेण्याआधी दोन दिवस फक्त हेच घ्या.

> सावधान: उदाहरणासाठी मुलांच्या घरचे आकडे मागू नका. तुझ्या बाबांना कापसाचे किती आले, घरी कर्ज किती, हे वर्गात विचारायचं नाही. आपल्या विदर्भात ते आकडे मुलाला रात्रीच्या बोलण्यातून माहीत असतात आणि चारचौघांत सांगताना त्याला लाज वाटते. "एका शेतकऱ्याने" एवढं पुरे.

## पायरी १: दुकान मांडा, वही बंद

गटात तीन कामं वाटा: दुकानदार, गिऱ्हाईक आणि सांगणारा. पहिली दोन सगळे करतात. तिसरं बहुतेक जण विसरतात, आणि खरा उपयोग त्याचाच आहे. सांगणाऱ्याने प्रत्येक हालचाल मोठ्याने वाक्यात सांगायची: "तिनं पन्नास देल्ले. माल बत्तीसचा झाला. आता हा अठरा वापस देईन." भाषा वऱ्हाडी असो, झाडीबोली असो, नाहीतर घरात गोंडी, कोरकू, कोलामी, बंजारा असो, या पायरीवर ती दुरुस्त करायची नाही.

आता परत देणाऱ्या मुलाचे हात बघा. ते ५० मधून ३२ वजा करत नाही. बत्तीसवर तीन ठेवून म्हणतं "पस्तीस", वर पाच ठेवून "चाळीस", वर दहाची नोट ठेवून "पन्नास". मग ठेवलेले मोजतं: ३, ५ आणि १०, झाले १८. ही पद्धत पूर्ण बरोबर आहे. ती तशीच फळ्यावर उतरवा, एका आडव्या रेषेवर ३२, ३५, ४०, ५० लिहून मधल्या उड्यांवर ३, ५, १०. मुलाने केलं ते "गणित" होतं हे त्याला पहिल्यांदा असं दिसतं.

> नेहमीची चूक: "असं नाही, उभी मांडणी कर, हातचा घे," असं इथेच म्हणणं. मूल ऐकतं, बाजारातली आपली पद्धत सोडून देतं, आणि हातच्यात चुकतं. वहीतली मांडणी सहाव्या पायरीवर येणार आहे.

तपासा: व्यवहार झाल्यावर सांगणाऱ्याला विचारा, "पैसे कोणाकडून कोणाकडे गेले? वस्तू कोणाकडून कोणाकडे गेली?" दोन्ही दिशा नीट सांगता आल्या तर पुढे चला.

## पायरी २: पुस्तकातली भाषा फोडा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. शाब्दिक उदाहरण आधी वाचनाचा धडा असतो, नंतर गणिताचा.

पहिलं काम शब्दांच्या जोड्या लावण्याचं. "शिल्लक" म्हणजे उरलेले. "प्रत्येकी" म्हणजे एकाला एवढं, दुसऱ्यालाही तेवढंच. "३० रुपये दराने" म्हणजे ३० रुपये भावाने. "रक्कम", "खरेदी", "अदा केले" हे शब्द मुलाने घरी ऐकलेले नसतात. मुलं अडतील तसा एकेक शब्द फळ्याच्या कोपऱ्यात लिहीत जा आणि शेजारी त्यांनीच सांगितलेला त्यांचा शब्द लिहा.

दुसरं काम प्रत्ययांचं आहे, आणि ते जवळजवळ कोणी करून घेत नाही. मराठीत पैसे कोणत्या दिशेला गेले ते एका अक्षरावर ठरतं. ही वाक्यं एकाखाली एक लिहा. राजूकडे आधी ५० रुपये आहेत.

- राजूने मीनाला २० रुपये दिले.
- राजूला मीनाने २० रुपये दिले.
- राजूकडून मीनाने २० रुपये घेतले.

पहिल्यात राजूकडे ३० उरतात, दुसऱ्यात ७० होतात, तिसऱ्यात पुन्हा ३०. आकडे तेच, नावं तीच. घाईने वाचणारं मूल तिन्हींत एकच उत्तर देतं, कारण त्याने "राजू, मीना, २०, दिले" एवढंच वाचलेलं असतं. दोन मुलांना पुढे उभं करा, वाक्य वाचा आणि नोट खरोखर हातातून हातात जाऊ द्या. रोज पाच वाक्यं, दहा मिनिटं. आठवडा गेला तरी जाऊ द्या.

अशीच दुसरी जोडी भावाची. तुरीचा भाव किलोला १२० रुपये होता. "भाव १० रुपयांनी उतरला" म्हणजे ११० झाला. "भाव १०० रुपयांवर उतरला" म्हणजे १०० झाला, उतार २० रुपयांचा. पहिल्या वाक्यात आकडा फरक सांगतो, दुसऱ्यात नवा भाव. सहावीतली मुलंही इथे घोळ घालतात, आणि पुढे नफा-तोटा शिकताना तोच घोळ मोठा होऊन समोर येतो.

तपासा: मुलाला उदाहरण पुस्तक बंद करून स्वतःच्या शब्दांत सांगायला लावा. आकडे विसरले तर चालेल. कोणी कोणाला काय दिलं हे विसरलं तर पुन्हा वाचू द्या.

## पायरी ३: आकडे झाकून वाचा

उदाहरण लिहा आणि आकड्यांच्या जागी चौकटी ठेवा:

*सुमनने बाजारात ▢ किलो वांगी ▢ रुपये किलो दराने विकली. त्या पैशांतून तिने ▢ रुपयांचं तेलाचं पाकीट घेतलं. तिच्याकडे किती रुपये उरले?*

आकडेच नाहीत म्हटल्यावर मुलाला कथेकडे बघावंच लागतं. तीन प्रश्न विचारा: काय घडलं? आपल्याला काय कळलंय? काय विचारलंय? त्यानंतर उत्तराचं वाक्य रिकामी जागा ठेवून वहीत आधीच लिहायला लावा: "सुमनकडे ____ रुपये उरले." हिशेब अजून झालेला नाही, तरी शेवटी कुठे पोचायचं ते कागदावर आलं. हे रिकामं वाक्य लिहिण्याची सवय लागली की "४ किलो रुपये" अशी उत्तरं बंद होतात.

### खूणशब्दांचा तक्ता भिंतीवरून काढा

"एकूण म्हणजे बेरीज, उरले म्हणजे वजाबाकी, जास्त म्हणजे बेरीज." असा तक्ता कितीतरी वर्गांत लावलेला दिसतो. माझं ठाम मत आहे की त्याने फायद्यापेक्षा नुकसान जास्त होतं. दुसरीच्या एका वाक्याच्या उदाहरणाला तो लागू पडतो, म्हणून मुलाचा त्यावर विश्वास बसतो, आणि चौथीत तेच शब्द उलटे फिरतात. बघा:

- ६ वह्यांचे एकूण ९० रुपये झाले. एका वहीची किंमत किती? (भागाकार, १५ रुपये.)
- मीनाकडे ६० रुपये आहेत. हे राजूकडच्या पैशांपेक्षा २० ने जास्त आहेत. राजूकडे किती? (वजाबाकी, ४० रुपये.)
- आजीने ३० रुपये दिल्यावर माझ्याकडे ७५ झाले. आधी किती होते? (वजाबाकी, ४५ रुपये.)
- दुकानात २०० रुपये उधारी होती. त्यातले ५० दिले. मग ३० रुपयांचा माल आणखी उधार घेतला. आता उधारी किती? (२०० मधून ५० गेले, ३० वाढले, १८० रुपये.)

शेवटचं उदाहरण आवर्जून घ्या. उधारीची वही मुलांनी पाहिलेली असते, तरी वहीत गणित सोडवताना ती उधारीला खिशातले पैसे समजतात. "दिले की उधारी वाढली का घटली?" एवढंच विचारा, मुलं स्वतः दुरुस्त करतात.

## पायरी ४: पट्टी काढा

वस्तूंची चित्रं काढण्यात वेळ जातो. वांगी रंगवत बसलेलं मूल हिशेबापासून लांब जातं. एक आडवी पट्टी पुरे. सुमनची पूर्ण पट्टी म्हणजे वांग्यांचे पैसे. तिचा एक तुकडा तेलाचा, उरलेल्या तुकड्यावर प्रश्नचिन्ह. मीना-राजूसाठी दोन पट्ट्या एकाखाली एक: मीनाची लांब, राजूची आखूड, आणि लांबीतला फरक २०. पट्टी काढताच राजूचे पैसे कमी असणार हे दिसतं, "जास्त" शब्द कितीही ओढत असला तरी.

## पायरी ५: आकडे उघडा आणि अंदाज सांगा

आता चौकटींत आकडे भरा: ४ किलो, ३० रुपये, ८५ रुपये. लगेच हिशेब नको. उत्तर १०० च्या वर असेल की खाली? वांग्यांचे पैसे ८५ पेक्षा जास्त तरी होतात का, नाहीतर तेल येईल कसं? मूल म्हणेल, "शंभराच्या वर होते, म्हणजे थोडेसे उरन." एवढा अंदाज वहीच्या समासात लिहून ठेवा. अंदाज चुकला म्हणून खोडायचा नाही, मार्कही कापायचे नाहीत.

## पायरी ६: मांडणी

प्रत्येक ओळीला नाव द्यायचं:

वांग्यांचे पैसे = ४ × ३० = १२० रुपये
तेलाचे पैसे = ८५ रुपये
उरलेले पैसे = १२० − ८५ = ३५ रुपये

> नेहमीची चूक: "४ × ३० = १२० − ८५ = ३५" अशी एकच लांब ओळ. यात ४ × ३० म्हणजे ३५ असा अर्थ होतो. उत्तर बरोबर म्हणून आपण टिक करून सोडतो, आणि हेच मूल पुढे समीकरणाच्या धड्यात अडतं. बरोबर-चिन्हाच्या दोन्ही बाजू सारख्या हव्यात हे इथेच बजावा.

पैशांचं, म्हणजे दशांशाचं, थोडं वेगळं सांगतो. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनात नाहीत आणि ५० पैशांचं नाणंही हाती येत नाही, त्यामुळे आजच्या मुलाने रुपयाखालचं नाणं हाताळलेलं नाही. "१२ रुपये ५ पैसे" ते बिनधास्त १२.५ लिहितं. लिहायचं असतं १२.०५, १२.५ म्हणजे १२ रुपये ५० पैसे. विजेचं बिल किंवा पेट्रोल पंपावरचा फलक दाखवा, तिथे बिंदूनंतर नेहमी दोन घरं असतात. रुपये-पैशांच्या उदाहरणांत दोन घरं भरल्याशिवाय बेरीज सुरू करायची नाही, एवढा नियम पुरतो.

## पायरी ७: उत्तर कथेत परत घाला

सुरुवातीच्या रिकाम्या वाक्यात ३५ भरा आणि पूर्ण कथा वाचा. मग उलटा ताळा: ३५ आणि ८५ मिळून १२० होतात का? समासातल्या अंदाजाशी जुळतं का? ३५ ऐवजी २०५ आलं असेल तर मुलानेच म्हणायला हवं, "एवढे कुठून आले, वांगी तर एकशे वीसचीच होती."

तपासा: चुकलेल्या उत्तरावर लाल फुली मारण्याआधी विचारा, "बाजारात असं झालं असतं का?" बरीच मुलं फुलीच्या आधीच चूक पकडतात.

## पायरी ८: दोन-तीन टप्प्यांची, खऱ्या कागदावरची उदाहरणे

एसटीचं तिकीट. पूर्ण तिकीट ४० रुपये आहे. आई, बाबा, ९ वर्षांची ताई, ४ वर्षांचा भाऊ आणि ७८ वर्षांची आजी तालुक्याला निघाले. १०० ची नोट दिली तर वाहक किती परत देईल? इथे हवी ती माहिती उदाहरणात लिहिलेलीच नाही. महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धं, त्याहून लहान मुलाला तिकीट नाही आणि ७५ च्या पुढच्या ज्येष्ठांना प्रवास मोफत. बाबांचे ४०, आईचे २०, ताईचे २०. भाऊ आणि आजी यांचं काही नाही. झाले ८०, परत २०. पुस्तकातलं जुनं उदाहरण सोडवताना एखादी मुलगी "मायचं तर अर्धंच लागते" म्हणाली तर तिला गप्प करू नका. तिचं बरोबर आहे. पुस्तकातल्या पूर्ण तिकिटाने आणि सवलतीच्या तिकिटाने, दोन्ही पद्धतींनी उत्तर काढून घ्या.

कापसाचा चुकारा, म्हणजे विकलेल्या कापसाचे पैसे (सहावीसाठी). २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये होता. एका शेतकऱ्याने या भावाने ३ क्विंटल ४० किलो कापूस विकला. वेचणीची मजुरी किलोला १० रुपये दिली. मजुरी जाऊन हातात किती राहिले?

मुलं इथे ३४० ला थेट ८११० ने गुणतात. भाव क्विंटलचा आहे आणि क्विंटल म्हणजे १०० किलो, हे आधी वदवून घ्या.

३ क्विंटलचे = ३ × ८११० = २४,३३० रुपये
१ किलोचे = ८११० ÷ १०० = ८१.१० रुपये
४० किलोचे = ४० × ८१.१० = ३२४४ रुपये
चुकारा = २४,३३० + ३२४४ = २७,५७४ रुपये
मजुरी = ३४० × १० = ३४०० रुपये
हातात = २७,५७४ − ३४०० = २४,१७४ रुपये

चुकाऱ्याचा अंदाजाने ताळा: साडेतीन क्विंटलला थोडं कमी, म्हणजे आठ हजाराने अठ्ठावीस हजारांच्या आसपास. जमलं. याला "नफा" म्हणू देऊ नका. बियाणं, खत, फवारणी, डवरणी, काहीच यात धरलेलं नाही, आणि शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला हे वर्गात नीट सांगितलेलं बरं. गावात प्रत्यक्ष मिळालेला भाव वेगळा असेल तर तोच घ्या. भंडारा-गोंदियाकडे धान घ्या, गडचिरोलीकडे तेंदूच्या पानांच्या पुड्यांचा शेकड्यावरचा दर घ्या. मांडणी तीच राहते.

द्विशिक्षकी शाळेत तिसरी-चौथी एकत्र बसत असेल तर कापसाऐवजी तिकिटाचंच उदाहरण ठेवा आणि मोठ्या मुलांना पायरी एकचे दुकानदार करा. दोन्ही इयत्तांचं काम एकाच वेळी चालतं.

## पायरी ९: उदाहरण मुलांनी बनवायचं

फळ्यावर फक्त "१२० − ८५" लिहा आणि म्हणा, याची बाजारातली गोष्ट सांगा. मग "२०० − ५० + ३०". मग "९० ÷ ६". दुसऱ्याची उदाहरणं सोडवणारं मूल चिन्ह ओळखून निभावून नेऊ शकतं. स्वतःचं बनवताना कोणी कोणाला दिलं, काय विचारायचं, भाव पटण्यासारखा आहे का, हे सगळं त्यालाच ठरवावं लागतं. बनवलेली उदाहरणं गटांत अदलाबदल करून सोडवा.

कोण कुठे अडलंय तेही यातच कळतं. मुलाने "माझ्याकडे १२० रुपये होते, ८५ चं तेल घेतलं" एवढं लिहून थांबवलं आणि प्रश्नच विचारला नाही, तर त्याला पायरी ३ वरचं रिकामं वाक्य पुन्हा करायला द्या. "मी आईला ३० दिले आणि माझे वाढले" असं लिहिलं, तर प्रत्ययांची वाक्यं, म्हणजे पायरी २. पेन ४०० रुपयांचा लावला, तर त्याला दरफलकासमोर उभं करा आणि पुढच्या बाजारी भाव विचारून यायचं काम त्यालाच द्या. गोष्ट नीट असून वजाबाकी चुकली, तर शाब्दिक उदाहरणं थांबवायची गरज नाही. त्याला हातच्याच्या वजाबाकीचा वेगळा सराव द्या आणि बाकीचं तसंच चालू ठेवा.